पालथे हंडे

१३ नोव्हेंबर १९८९, सोमवार. दिवाळीची सुट्टी संपून कोर्ट उघडलं होतं आणि मी टाइपरायटर साफ करत बसले होते. जुना टूथब्रश, वाटीत थोडं रॉकेल, आणि ‘क’च्या पोटात साचलेली शाई. एवढ्यात कुणीतरी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला.

“सरक व बैन, मी करस.”

मी मान वर केली. साठीच्या आसपासची, काळीसावळी, माझ्या खांद्याला लागेल एवढीच बाई. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. काखेत पिशवी. मी खुर्चीतून उठले. का उठले ते मला आजही सांगता येत नाही. सरकारी वकिलांच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून माझी तेव्हा अठरा वर्षं झाली होती आणि त्या खुर्चीतून मला साहेबांनीसुद्धा कधी उठवलं नव्हतं. ती बसली, आणि दहा मिनिटांत ‘क’ तर झालाच, ‘ज्ञ’सुद्धा झाला, जो वर्षातून दोनदा लागतो.

तुमच्याही पाहण्यात असं माणूस असेल, ज्याला दुसऱ्याचं काम बघवत नाही. बघवत नाही म्हणजे आळशीपणाचा राग येतो असं नव्हे. समोर कुणी काही करत असलं की अशा माणसाचे हात आपोआप पुढे होतात. अक्का तशी होती. तिचं नाव केसच्या कागदांत होतं, पण आम्ही सगळे तिला अक्काच म्हणायचो, तेव्हा इथेही तेच चालेल. आमच्या कचेरीचे शिपाई नाना माठातलं पाणी गाळायला लागले की “सरक रे भाऊ.” झाडूवाली कोपरा सोडून गेली की “सरक माय.” एकदा खुद्द वकीलसाहेब शर्टाचं निघालेलं बटण हातात धरून उभे होते. त्यांना “सरका” म्हणण्यात अर्थ नव्हता, कारण शर्ट त्यांच्याच अंगात होता. तिने सुईदोरा काढला आणि साहेबांना उभ्या उभ्या शिवलं. साहेब श्वास रोखून छताकडे पाहत होते.

पण त्या सोमवारी ती टाइपरायटर घासायला आली नव्हती. ब्रश खाली ठेवून तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, “माले सरकारले भेटनं शे.”

मी म्हटलं, “कशासाठी?”

“अपीलसाठी.”

मग मी ओळखलं. दिवाळीच्या सुट्टीआधी सुटलेली केस. तिची मुलगी इथे धुळ्यातच, देवपुरात दिलेली होती. घरात नवरा-बायको दोघंच. लग्नाला सहा वर्षं. एका सकाळी ती स्वयंपाकघरात मेलेली सापडली. गळा दाबून मारलं असं डॉक्टरांनी सांगितलं. नवऱ्याचं म्हणणं, मी पहाटे पाच ते सहा गल्लीतल्या नळावर पाणी भरत होतो, परत आलो तर ही अशी. शेजारच्या दोघांनी साक्ष दिली की हो, आम्ही त्याला नळावर पाहिलं, हंडे भरून नेताना पाहिलं. मग कुणी मारलं ते सिद्ध होईना. संशयाचा फायदा मिळून तो सुटला. न्यायाधीशांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यापुढे आम्ही जे मांडलं तेवढंच त्यांना दिसणार.

अक्काला मी समजावून सांगितलं, की खुनाची केस सरकार चालवतं, त्यामुळे सुटकेविरुद्ध अपीलही सरकारच करू शकतं. तिला करता येत नाही. इथले साहेब अभिप्राय देतात, तो पलीकडच्या मोठ्या कचेरीतून, म्हणजे कलेक्टर कचेरीतून, वर जातो, वरून हो आलं तर औरंगाबादच्या खंडपीठात अपील. आणि हे सगळं निकालापासून नव्वद दिवसांत.

तिने सगळं नीट ऐकलं. “आंडेर मनी मरनी,” ती आपल्या मुलीबद्दल म्हणाली, “अन् अपील सरकार करी?”

“हो.”

“मंग सरकार कठे शे? त्याले बलाव.”

नाना मागे हसले. हसण्यासारखंच होतं. पण पुढचे दोन दिवस अक्काने त्या आवारात सरकारला खरोखरच शोधलं. साहेबांना विचारलं, “तुम्ही सरकार का?” ते म्हणाले, “मी सरकारचा वकील.” पलीकडच्या कचेरीतल्या हेडक्लार्कना विचारलं, ते म्हणाले, “मी सरकारी नोकर.” गेटवरच्या पोलिसाला विचारलं, त्याने “पुढे चला” म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी येऊन बसली आणि म्हणाली, “आठे बठ्ठा सरकारना शेतस. सरकार कोनीच नही.”

मी अठरा वर्षं नोकरी केली होती, पण इथे सगळे सरकारचे आणि सरकार कुणीच नाही, हे मला सुचलं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तेव्हा तिला सांगितली नाही. साहेबांचा अभिप्राय आधीच झाला होता. तो मीच टाइप केला होता, मूळ प्रत आणि तीन कार्बन. शेवटचं वाक्य होतं: ‘सबब, प्रस्तुत प्रकरण अपील करण्यास योग्य नाही, असे आमचे मत आहे.’ फक्त सही व्हायची राहिली होती, कारण साहेबांची मुलगी बाळंतपणाला आली होती आणि साहेब रोज चारलाच घरी पळत होते. ते कागद माझ्या डाव्या हाताच्या ट्रेमध्ये होते. अक्का त्याच ट्रेवर कोपर ठेवून बसायची.

ती रोज सकाळी शिरपूरहून पहिल्या गाडीने यायची आणि संध्याकाळी परत जायची. भाकरी, ठेचा, कधी वांग्याचं भरीत. नानांना, मला, झाडूवालीला. मी एकदा म्हटलं, “अक्का, रोज येऊन काही फरक पडत नाही. तुम्ही घरी थांबा, मी पत्र टाकीन.”

“घर काय करू? कापूस येचाले गडी शेतस. आठे तुनं काम तरी व्हस.”

माझं काम होत होतं, ही गोष्ट खरी होती. दोन वर्षं विस्कटून पडलेलं कपाट तिने लावलं. वाचता येत नव्हतं, म्हणून तिने फायली जाडीप्रमाणे लावल्या. मला वाटलं आता काहीच सापडणार नाही. तर उलट. जाड केसेस खुनाच्या, मधल्या चोरीच्या, पातळ दारूबंदीच्या. आजही त्या कपाटात तीच पद्धत चालू आहे, फक्त कुणाची ते कुणाला ठाऊक नाही.

एक दिवस साहेब कोर्टात होते. अक्का म्हणाली, “बैन, त्या दिवसे पोलिसस्नी तिनं घर लिखी लिधं व्हतं ना? तो कागद शे का?”

“पंचनामा? आहे.”

“वाच ना. मनी आंडेरनं घर कसं व्हतं, ते तरी समजी.”

मी विचारलं, “तुम्ही गेला नव्हता कधी?”

सहा वर्षांत दोनदा. दोन्ही वेळा तिला पुढच्या खोलीत बसवून, चहा देऊन, शेवटच्या गाडीच्या आत परत पाठवलं होतं. स्वयंपाकघरात जाऊ दिलं नव्हतं. जावयाला आवडत नसे.

आता पंचनामा हे काही वाचून दाखवण्यासारखं लिखाण नाही. हवालदाराने उभ्या उभ्या सांगायचं, रायटरने मांडीवर फळी ठेवून लिहायचं, पंचांनी न वाचता सही करायची. वकील त्यातल्या प्रेताच्या वर्णनाचा परिच्छेद बघतात आणि बाकी सोडून देतात. मी मात्र पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. प्रेताचा परिच्छेद मी गाळणार होते. पण अक्काचं तिकडे लक्षच नव्हतं. तिला घर हवं होतं.

“‘पुढील खोलीत लोखंडी खाट एक, त्यावर गोधडी एक, घडी केलेली.’”

“ती मी शिवेल व्हती. हिरवी ना?”

“रंग लिहिला नाही.”

“हिरवीच व्हई. पुढे.”

“‘मागील खोलीत स्वयंपाकघर. लाकडी मांडणीवर स्टीलचे डबे सहा, एका ओळीत, उतरत्या क्रमाने.’”

“हां!” अक्काने मांडीवर थाप मारली. “देख. मी शिकाडेल शे तिले. मोठा डबा भिंतकडे. पुढे.”

“‘पोळपाट एक, भिंतीस टेकवून उभा.’”

“उभाच ठेवा जोयजे. आडवा ठेवा का झुरळ. पुढे.”

असं चाललं होतं. मी वाचत होते आणि ती मुलीच्या संसाराला मार्क देत होती. नाना दारात येऊन उभे राहिले होते. फडकं खिळ्याला टांगलेलं होतं, पास. मिठाची बरणी झाकण नसलेली होती, नापास. “तिले किती येळा सांगं!” असं तिने मुलीला रागावलंसुद्धा. मी कागदावरून डोळे काढले नाहीत. काढले असते तर मला पुढचं वाचता आलं नसतं, आणि मला कचेरीत रडणं पसंत नाही.

“‘मोरीलगत पितळी हंडे दोन, कळशा तीन, घासलेल्या, पालथ्या ठेवलेल्या. मोरी कोरडी.’”

“रात्रे घासी ठेवे ती,” अक्का म्हणाली. “सकायले नळ येस ना, म्हनीसन.” मग ती थांबली. “काय वाचं? पालथा?”

“पालथ्या.”

“दोन्ही हंडा?”

“दोन्ही. आणि तिन्ही कळशा.”

अक्का माझ्याकडे पाहत राहिली. मी तिच्याकडे. मी देवपुरातच राहते. सकाळी पाचला उठून पाणी मीच भरते. माझ्या नवऱ्याची पाठ दुखते, आणि ती नेमकी नळाच्या वेळेलाच दुखते. भरलेला हंडा कुठे ठेवतात आणि रिकामा कसा ठेवतात हे मला कुणी शिकवायला नको. हाच पंचनामा मी टाइप केला होता. एकदा नव्हे, तीनदा.

“तो पाच ते सहा पानी भरत व्हता ना?” अक्का हळूच म्हणाली. “मंग पानी कठे गयं?”

साहेब चारला परत आले ते घरी पळायच्या तयारीतच. मी ट्रेमधला अभिप्राय सहीसाठी पुढे केला नाही, पंचनामा पुढे केला. बोट ठेवून ती ओळ दाखवली. साहेब हुशार होते. त्यांना अर्ध्या मिनिटात कळलं. चष्मा काढून पुसला. मग मान हलवली.

“नाही हो. याला उत्तर आहे. घरात मृत्यू झाला की साठवलेलं पाणी ओतून देतात, भांडी पालथी घालतात. सुतक. त्यांचा वकील पहिल्या मिनिटाला हे सांगेल.”

साहेबांना वाटलं विषय संपला. अक्का तिथेच बाकावर बसली होती. ती उठली.

“साहेब, हाई लिखं तधळ मढं कठे व्हतं?”

मी मधे पडले. “पंचनाम्याच्या वेळी प्रेत घरातच होतं का, असं विचारतायत.”

साहेबांनी पान उलटलं. “घरातच. साडेसातला पंचनामा, साडेनऊला दवाखान्यात नेलं.”

“मढं घरमां शे, अन् पानी वती देतस?” अक्काने साहेबांकडे असं पाहिलं, जसं आपण पायात उलट्या चपला घातलेल्या मुलाकडे पाहतो. “मढं उचलावर पानी वततस. आधी वतं तर मढाले आंघोय कसानी घालतीन? अन् वतं म्हनतस तर मोरी कोरडी कशी ऱ्हास? साहेब, तुम्ही कधी पानी भरेल शे का?”

साहेबांनी कधी पाणी भरलं नव्हतं हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्यांचा विरोधी वकील, न्यायाधीश, तपास करणारे फौजदार, दोन्ही पंच, यांपैकी कुणीच बहुधा भरलं नसावं. कोर्टात दोन महिने नळावर उलटतपासणी चालली होती. रांगेत तो कितवा होता, त्याच्या पुढे कोण, अंगात बनियन होतं की शर्ट. नळावरून पाणी घरी आलं का, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

साहेबांनी माझ्या ट्रेमधला अभिप्राय उचलला, आडवा फाडला, उभा फाडला. मूळ आणि तीन कार्बन. मग म्हणाले, “बसा. घ्या लिहून.”

त्या दिवशी साहेब साडेसातला घरी गेले. नवा अभिप्राय अकरा पानी झाला. त्यातला हंड्यांचा भाग दीड पानाचा, आणि त्याची सुरुवात अशी: ‘घटनास्थळ पंचनामा बारकाईने अवलोकन करता असे निदर्शनास येते की...’ कुणाच्या निदर्शनास, ते सरकारी मराठीत सांगायचं नसतं. अक्का बाकावर बसून खट्खट् ऐकत होती. एका पानावर मी दोनदा चुकले, तेव्हा तिचे हात पुढे आलेच. मी म्हटलं, “अक्का, हे मात्र मलाच करू द्या.” तिला ते पटलं नाही, पण तिने ऐकलं.

अभिप्राय पलीकडच्या मोठ्या कचेरीत गेला आणि तिथे बसला. लोकसभेच्या निवडणुका होत्या. सगळे कारकून मतदान केंद्रांच्या पिशव्या भरत होते. शाई, लाख, मेणबत्ती, सुतळी. कुणाला फाइल विचारली की एकच उत्तर, “निवडणूक होऊ द्या.” निवडणूक झाली. मग मोजणी होऊ द्या. मोजणी झाली. मग हिशेब होऊ द्या. आमचे पन्नास दिवस गेले.

अक्का आता सकाळी माझ्याकडे हजेरी लावून तिकडे जाऊन बसायची. पहिले दोन दिवस तिला बाहेर काढलं. तिसऱ्या दिवशी एक कारकून परत आलेल्या साहित्याचा गठ्ठा बांधत होता आणि गाठ सारखी सुटत होती. पुढे काय झालं ते मला दुसऱ्याकडून कळलं, पण मी तिथे असल्यासारखं सांगू शकते.

“सरक रे भाऊ.”

कापसाच्या गाठोड्याला मारतात तशी एक गाठ तिने मारली. कारकुनाने ओढून पाहिली. मग दुसरा गठ्ठा पुढे केला. मग तिसरा. दुपारपर्यंत अक्काने एकोणीस गठ्ठे बांधले होते आणि तिच्यासाठी चहा आला होता. चार वाजता हेडक्लार्क म्हणाले, “अक्का, तुमचं काम काय होतं?”

ढिगाच्या तळातून आमची फाइल निघाली ती अशी. निघाल्यावर मात्र ती थांबली नाही. पुढे एक पत्र, दोन तारा, आणि औरंगाबादला स्वतः साहेबांची एक फेरी. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी अपील दाखल झालं.

मी अक्काला सांगितलं. मला वाटलं होतं ती खाली बसेल, डोळ्याला पदर लावेल. ती म्हणाली, “त्याना कागद दे. शिक्का मारेल.”

“शिक्का मारलेली प्रत कशाला?”

तेव्हा तिने मला सांगितलं, जे तिने दोन महिने कुणालाच सांगितलं नव्हतं. जावयाचं दुसरं लग्न ठरलं होतं. यावल तालुक्यातली मुलगी, केळीचे बागाईतदार. पौष संपला की हळद. फाशी द्या, जन्मठेप द्या, असं अक्काच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं, आणि आता मला कारण कळलं. तिला त्या स्वयंपाकघरात दुसरी पोर जायला नको होती. बाकीचं तिने सरकारवर सोडलं होतं.

माझी किरकोळ रजा शिल्लक होती. मी बरोबर गेले. पत्ता बघायला कुणी हवं, आणि तिने तिथे काही भलतं बोलू नये म्हणूनही. धुळे ते जळगाव बस, जळगावहून पुढे दुसरी बस. सगळ्या रस्ताभर अक्का शेजारच्या बाईच्या मुलाचं नाक पुसत होती.

घर चांगलं होतं. अंगणात केळीचे घड ट्रकमध्ये भरणं चाललं होतं. मुलीचे वडील बाहेर आले, आम्ही कोण ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा बंद झाला.

“कोर्टानं सोडलंय त्याला,” ते म्हणाले. “आम्ही निकाल पाहिलाय. तुमची पोर गेली, वाईट झालं. पण आता दुसऱ्याच्या पोरीच्या लग्नात विघ्न आणू नका, अक्का.”

“सोडं ना,” अक्का म्हणाली. “मी कोठे नही म्हनस? सोडेल मानूसले पोर द्या. माले फक्त तुमनी बाईले हाऊ कागद देना शे. अन् पानी जोयजे, तहान लागनी.”

मुलीची आई ओसरीवर आली. अक्काच्या हातात तांब्या दिला, माझ्या हातातून कागद घेतला. वडील म्हणाले, “तुला काय समजणार त्यातलं?” बाई म्हणाली, “मले वाचता येते,” आणि खांबाला टेकून वाचायला लागली.

मी अपिलाची प्रत दिली होती, आणि हंड्यांच्या परिच्छेदाला पेन्सिलीने बारीक रेघ ओढली होती. हे नियमात बसत नाही, हे मला माहीत आहे.

तिने तो परिच्छेद एकदा वाचला. मग घरात पाहिलं, जिथे तिच्याही पाण्याच्या भांड्यांची उतरंड दारातून दिसत होती. मग परत वाचला. अक्काला एकच विचारलं, “तुमची लेक रोज घासून ठेवे का हंडे?”

“रोज. रात्रे. तिले मी शिकाडेल व्हतं.”

बस्. आणखी काही बोलणं झालं नाही. वडिलांनी आम्हाला वाटेला लावलं. आम्ही फाट्यावर बसची वाट पाहत उभ्या राहिलो आणि मी मनात म्हटलं, एक रजा फुकट गेली. तेवढ्यात ट्रक आला, आणि ड्रायव्हरने एक केळीचा घड खाली टाकला. “मालकीणबाईंनी दिलाय,” म्हणाला. “आणि सांगितलंय, पौष संपला तरी हळद नाही.”

तो घड आम्ही दोघींनी धरून आणला. एसटीच्या कंडक्टरने त्याचं लगेज तिकीट फाडलं. यावर अक्का जळगाव ते पारोळा त्याच्याशी भांडली, आणि पारोळ्यानंतर त्याला केळी खायला दिली. आमच्या कचेरीत नंतर आठ दिवस सगळे केळी खात होते. साहेबांनी विचारलं, “ही कुठून आली?” नाना म्हणाले, “सरकारी आहेत.”

त्यानंतर अक्काचं रोज येणं थांबलं. वर्षातून दोन-तीनदा यायची, बाजारासाठी धुळ्याला आली की. “काय म्हनस औरंगाबाद?” अपील बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, आलं का, एवढंच विचारायचं असे. मी नाही म्हणायचे. ती रागवत नसे. कुठलं तरी कपाट आवरून, नानांच्या गुडघ्याला तेल सांगून, परत जायची. नाना निवृत्त झाले. साहेब बदलले. नव्या साहेबांनी तिला बाकावर पाहून मला विचारलं, “या बाई कोणत्या केसमधल्या?” मी म्हटलं, “आपल्याच.” ते जामिनाच्या अर्जावर सही करत होते, पेन अडत होतं. अक्काने हात पुढे केला होता, पण मी तिच्याकडे पाहिलं आणि तिने मागे घेतला. तोंडात हसू दाबून ती तशीच बसून राहिली. माझ्या डोळ्यांपुढे ती आली की अशीच येते, हात मागे घेऊन, कसाबसा धीर धरून बसलेली.

१९९६ च्या पावसाळ्यात अपिलाचा निकाल लागला. सुटका रद्द. जन्मठेप. एकतीस पानांचा निकाल, आणि त्यातली चार पानं दोन हंड्यांची आणि तीन कळशांची. आरोपीच्या वकिलाने सुतकाचा मुद्दा काढलाच होता. खंडपीठाने तो फेटाळला होता, मढं उचलायच्या आधी कुणी पाणी ओतत नाही म्हणून, आणि मोरी कोरडी होती म्हणून. अक्काचा उल्लेख एके ठिकाणी होता, ‘साक्षीदार क्रमांक तीन, मयताची आई.’

नियमाप्रमाणे निकाल कुणाला कळवायचा नव्हता. अपील सरकारचं, ते सरकारला कळलं होतं. मी दोन ओळींचं पत्र केलं, तिचं पूर्ण नाव आणि गाव लिहिलं, नव्या साहेबांची सही घेतली. त्यांनी विचारलं, “हे लागतं का?” मी म्हटलं, “लागतं.” जावक रजिस्टरात नोंद करून रजिस्टर पोस्टाने पाठवलं. वर्षभरात ती आली नव्हती हे माझ्या लक्षात आलं होतं, पण कापसाचे दिवस, गुडघे, एसटीचा संप, कारणं पुष्कळ असतात.

दहाव्या दिवशी संध्याकाळी कचेरी बंद करताना पोस्टमन आला. माझंच पाकीट परत. पाठीमागे लाल पेन्सिलीने पोस्टमास्तरचा शेरा होता, ‘पत्ता बरोबर. घेणार बाई आठ महिन्यांपूर्वी मयत. परत.’

मी ते पर्समध्ये घालून घरी नेलं नाही. टेबलाच्या खणात ठेवलं, कुलूप लावलं, घरी जाऊन स्वयंपाक केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला आवक रजिस्टर उघडलं. कचेरीत आलेला प्रत्येक कागद नोंदवावा लागतो, परत आलेलाही. तारीख घातली, नंबर टाकला, पाकिटावर शिक्का मारला, भोक पाडून फायलीत लावलं. विषयाचा रकाना राहिला होता. त्यात ‘अक्का’ असं लिहिलं आणि पुढचं पाकीट फोडलं.